परमुलखातले भाड्याचे घर : पगार नाही, पत नाही, मग खोली कशी मिळते?



पूर्वी मुलगा तालुक्याला शिकायला निघाला की बाप त्याच्याबरोबर एस.टी.ने जायचा. ओळखीच्या माणसाकडे खोली पाहायची, पहिल्या महिन्याचे भाडे हातावर ठेवायचे, धान्याचे पोते कोपऱ्यात टेकवायचे आणि "पोराकडं लक्ष असू द्या" एवढे सांगून संध्याकाळची गाडी धरायची. कागद नाही, सही नाही. घरमालकाला गाव ठाऊक, घराणे ठाऊक. तेवढ्यावर काम भागत असे.

आता आपल्याच वाड्यावस्त्यांवरची मुले-मुली अमेरिकेला शिकायला जाऊ लागली आहेत. शिवारफेरीला गेले की पिकावरच्या रोगाबरोबर हाही प्रश्न पुढे येतो : "साहेब, पोरगं म्हणतंय पैसे हायेत, पण खोली कुणी देईना. पगाराची चिठ्ठी मागत्यात. शिकायला गेलेल्याला पगार कुठला?" प्रश्न रास्त आहे. फीचा बंदोबस्त होतो, विमानाचे तिकीट निघते, पण घराचा विचार विमानतळावर उतरेपर्यंत कोणी करत नाही. खर्चाचा मोठा वाटा भाड्यात जातो आणि फसवणूकही इथेच होते. म्हणून या विषयाची नीट उकल करू.

तिकडची पत कशी मोजतात?

आपल्याकडे सोसायटीचा सचिव कर्ज देताना दोन गोष्टी पाहतो. एक, सात-बारा. दुसरी, मागचे कर्ज वेळेवर फेडले की नाही. अलीकडे बँका 'सिबिल' पाहतात, हे तर आता प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक आहे. अमेरिकेत हीच पद्धत घर भाड्याने देतानाही वापरतात. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्या प्रत्येकाच्या देण्याघेण्याची नोंद ठेवतात. तिच्यावरून ३०० ते ८५० या दरम्यान गुण मिळतात. घरमालक अर्ज आला की आधी हे गुण पाहतो.

नुकत्याच उतरलेल्या आपल्या मुलाच्या नावावर तिथे काहीच नोंद नसते. त्याची पत वाईट नसते, तिचा पत्ताच नसतो. माती परीक्षण न झालेल्या जमिनीसारखे हे आहे. जमीन काळी कसदार असेल, पण कागद नाही म्हणून परका माणूस तिच्यावर पैसे लावायला कचरतो. इकडचा सात-बारा, बागेचे उत्पन्न, बापाचा गावातला शब्द हे तिथल्या घरमालकाला वाचता येत नाही आणि वसुलीसाठी उपयोगी पडत नाही.

दुसरी अट मिळकतीची. तिकडे बरेच घरमालक महिन्याचे उत्पन्न भाड्याच्या तिप्पट मागतात. भाडे १,५०० डॉलर असेल तर महिन्याला ४,५०० डॉलर मिळकत दाखवा, असा हिशेब. न्यूयॉर्क शहरात तर वर्षाचे उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट असावे, असा प्रघात आहे. म्हणजे २,००० डॉलर भाड्याला ८०,००० डॉलर.

आता आपल्या मुलाची बाजू पाहा. 'एफ-१' या विद्यार्थी परवान्यावर गेलेल्याला अभ्यासाच्या सत्रात विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. ताशी १५ डॉलर धरले तरी आठवड्याचे ३०० होतात. कायद्यात राहून ४,५०० ची मिळकत दाखवणे त्याला शक्यच नाही. "मग बाहेर एखाद्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर गुपचूप काम कर" असा सल्ला घरच्यांनी चुकूनही देऊ नये. परवानगीशिवाय बाहेर काम केले तर विद्यार्थी म्हणून राहण्याचा हक्कच जाऊ शकतो. भाड्यासाठी शिक्षण गमवायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. अमेरिकेत १९६८ सालच्या कायद्याने वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारण्यास बंदी आहे. घरमालक मिळकतीची आणि पतीची अट घालू शकतो, पण ती सर्वांना सारखी हवी. "तुम्ही भारतीय म्हणून नाही" असे त्याला म्हणता येत नाही.

आधीची माणसे कशी राहिली?

परदेशात शिकायला गेलेली मराठी माणसे आजची नव्हेत. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला गेल्या. त्यांच्या हाती ना पगार होता, ना तिथली ओळख. पत्रव्यवहारातून मैत्री जुळलेल्या कार्पेंटरबाईंनी त्यांना न्यूजर्सीतल्या आपल्या घरी उतरवून घेतले. त्या बाईंचा शब्द हाच आनंदीबाईंचा तिथला जामीन. १८८६ साली आनंदीबाई फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. लिव्हिंग्स्टन हॉल या विद्यापीठाच्याच वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर ते राहिले. शिकून परत आल्यावर १९१७ साली बडोद्यात नोकरीला गेले, तर त्याच बाबासाहेबांना जातीमुळे राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढले गेले. डोक्यावरचे छप्पर ही किती मोठी गोष्ट आहे, ते यावरून कळावे.

ओळखीचे घर आणि विद्यापीठाचे वसतिगृह, या दोन वाटा तेव्हा होत्या. आजही पहिल्यांदा त्याच तपासाव्यात.

घर मिळवण्याचे मार्ग

पहिला मार्ग विद्यापीठाच्या वसतिगृहाचा. तिथे प्रवेश हीच मुलाची पत. पगाराची चिठ्ठी कोणी मागत नाही. भाडे कधी बाहेरपेक्षा जास्त असते आणि जागा लवकर भरतात. म्हणून प्रवेशपत्र आले की त्याच आठवड्यात अर्ज करावा. पेरणी जशी वाफशावर करतो, तसे हे आहे. वेळ गेली की बियाणे चांगले असूनही उगवत नाही.

दुसरा मार्ग आधीच राहत असलेल्या विद्यार्थ्यांच्या घरात जागा घेण्याचा. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत भारतीय विद्यार्थ्यांची मंडळे आहेत. तीन-चार मुले मिळून घर घेतात, एक शिक्षण संपवून जातो, त्याच्या जागी नवा येतो. अनेक ठिकाणी ही मंडळी नव्याने आलेल्याला पहिले काही दिवस आपल्याकडे उतरूही देतात. मात्र जाणाऱ्याच्या जागी येताना घरमालकाची लेखी संमती घ्यावी. मुलांचे आपसात ठरले आणि मालकाला पत्ताच नाही, असे घर कधी सोडावे लागेल सांगता येत नाही.

तिसरा मार्ग विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या इमारतींचा. कॉलेजांच्या गावी अशा इमारती पुष्कळ आहेत. त्यांत बऱ्याच ठिकाणी करार पूर्ण घराचा नसून एकेका खोलीचा किंवा खाटेचा होतो. आपल्यापुरते भाडे भरले की आपण मोकळे. नव्या मुलाला हा प्रकार सोयीचा पडतो.

चौथा मार्ग कागदपत्रांनी मालकाची खात्री पटवण्याचा. इमारत मोठ्या कंपनीची असेल तर तिचे नियम ठरलेले असतात. एक-दोन घरे असलेला खासगी मालक मात्र माणूस पाहून, बोलून निर्णय घेतो. त्याच्यापुढे पासपोर्ट, परवाना, प्रवेशपत्र, बँकेतील शिलकेचा दाखला, शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र, शिष्यवृत्ती किंवा विद्यापीठातील सहायकपदाचे पत्र हे सर्व इंग्रजीत, नीट लावून ठेवावे. 'आय-२०' या विद्यापीठाच्या कागदावर वर्षाचा अंदाजे खर्च आणि तो कुठून भागणार हे छापलेलेच असते. तो कागद पुढे करावा. इथल्या घरमालकाने पत्र दिले असेल, की भाडेकरूने भाडे वेळेवर भरले, तर तेही जोडावे.

पाचवा मार्ग जादा अनामत किंवा काही महिन्यांचे आगाऊ भाडे देण्याचा. काही राज्यांत तो चालतो, सगळीकडे नाही. न्यूयॉर्क राज्यात २०१९ च्या कायद्याने बहुतेक भाड्याच्या घरांना अनामत आणि आगाऊ मिळून एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. अर्जाच्या तपासणीचा खर्चही २० डॉलरपेक्षा जास्त लावता येत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून अनामत एका महिन्याच्या भाड्याइतकीच. छोट्या मालकांना दोन महिन्यांची मुभा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये सुरुवातीला पहिल्या महिन्याचे भाडे, शेवटच्या महिन्याचे भाडे आणि एका महिन्याइतकी अनामत, शिवाय कुलूप बदलण्याचा खर्च, एवढेच मागता येते. मूल ज्या राज्यात जाणार तिथला नियम विद्यापीठाच्या कचेरीतून आधीच समजून घ्यावा. मागेल तेवढे देऊन टाकायचे, हा आपला भाबडेपणा तिकडे महागात पडतो.

जामीनदार : सही सोपी, ओझे जड

सहावा मार्ग जामीनदाराचा. त्यावर जरा थांबून बोलले पाहिजे.

अमेरिकेत राहणारा, चांगली मिळकत आणि चांगली पत असलेला माणूस करारावर सही करून म्हणतो, 'याने भाडे दिले नाही तर मी देईन.' इकडचे आई-वडील जामीनदार म्हणून बहुधा चालत नाहीत, कारण त्यांची मिळकत तिकडच्या कायद्याच्या हाताबाहेर असते. जामीनदाराकडून अपेक्षाही मोठी असते. न्यूयॉर्कमध्ये त्याचे वार्षिक उत्पन्न भाड्याच्या ऐंशीपट असावे, असा रिवाज आहे. २,००० डॉलर भाड्याला १,६०,००० डॉलर.

आमच्या भागातल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलीला असा जामीनदार हवा होता. तिच्या आईचा चुलतभाऊ पंधरा वर्षांपासून तिकडे आहे. त्याला फोन केला, तर त्याने दोन दिवसांची मुदत मागितली आणि मग नम्रपणे नाही म्हटले. घरात मोठी आदळआपट झाली. "लग्नात मिरवायला मामा, आणि सही करायला नाही?" दिवाळीचा फोनही बंद झाला. मी त्या घरी गेलो तेव्हा त्या बागायतदाराला एकच विचारले, "तुम्ही सोसायटीत कोणाला जामीन राहिला होतात का?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "राहिलो होतो. थकबाकीदार तो, आणि नोटीस माझ्या दारी. तीन वर्षं मला पीककर्ज मिळालं नव्हतं."

तिकडेही तसेच आहे. त्या मुलीबरोबर आणखी तिघी राहणार होत्या. एकत्र करारात प्रत्येकीवर पूर्ण भाड्याची जबाबदारी असते. एकीने सत्राच्या मध्येच शिक्षण सोडले तर तिचा वाटा उरलेल्यांनी भरायचा, आणि त्यांनी नाही भरला तर जामीनदाराच्या मानेवर. त्या मामाने स्वतः घरासाठी कर्ज काढलेले होते, दोन मुले होती. नाही म्हणण्यात त्याने वैर केले नव्हते. पुढे त्या मुलीने एका खोलीपुरता करार होणाऱ्या इमारतीत जागा घेतली. मामाने पहिला आठवडा तिला आपल्या घरी उतरवून घेतले, गाडीत घालून घरे दाखवली, थंडीचे कपडे घेऊन दिले. दोन्ही घरे पुन्हा बोलू लागली.

म्हणून नातेवाइकाला जामीन मागताना तीन गोष्टी आधी सांगा : भाडे किती, करारावर किती जण, आणि भाड्याचे पैसे कुठून येणार. आणि तो नाही म्हणाला तर मन मोठे ठेवा. सहीपेक्षा पहिल्या आठवड्याचा आसरा कधीकधी जास्त मोलाचा असतो.

जामीनदार मिळाला नाही तर फी घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्याही तिकडे आहेत. काही इमारती त्यांना मानतात, काही नाहीत. आधी इमारतीला विचारावे, मगच कंपनीकडे जावे. ही फी परत मिळत नाही. आणि हा विमा मालकासाठी आहे, भाडेकरूसाठी नाही. भाडे थकले तर कंपनी मालकाला पैसे देते आणि नंतर ते आपल्या मुलाकडून वसूल करायला येते.

फसवणूक ओळखा

गरजवंताला अक्कल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. मुलगा इकडेच असतो, सत्र महिन्यावर आलेले असते, घर मिळत नसते. अशा वेळी मोबाईलवर जाहिरात दिसते. फोटो झकास, भाडे आजूबाजूच्यापेक्षा निम्मे. मालक म्हणतो, "मी सध्या परगावी आहे, अनामत पाठवा, किल्ली टपालाने येईल." पैसे जातात, किल्ली येत नाही. घर खरे असते, फोटोही खरे असतात, फक्त मालक खोटा असतो.

बाजारात बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, खोडी विचारतो. तेच इथे करा. घर कोणीतरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका. विद्यार्थी मंडळातला मुलगा जाऊन पाहील, किंवा तिथे उभे राहून व्हिडिओ कॉलवर दाखवील. भाडे फारच कमी, घाई फारच जास्त, किंवा पैसे गिफ्ट कार्डाने अथवा थेट अनोळखी खात्यात मागितले, तर समजा की दाल में काला आहे. एकदा गेलेले असे पैसे परत आणणे फार कठीण असते. खात्रीचे घर मिळाले नसेल तर पहिले दहा-पंधरा दिवस तात्पुरती सोय करा आणि तिथे जाऊन घर शोधा. तेवढा खर्च परवडतो.

सही करण्यापूर्वी

भाडेकरार बहुधा बारा महिन्यांचा असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल घरी आले तरी भाडे चालूच राहते. त्या काळात दुसऱ्याला जागा देता येईल का, आणि मध्येच घर सोडले तर काय भरावे लागेल, ही कलमे वाचलीच पाहिजेत. भाड्यात पाणी, वीज आणि थंडीतली उष्णतेची सोय धरली आहे का, तेही विचारावे. थंड राज्यांत ते बिल भाड्याखालोखाल जड जाते. नवख्याकडून वीज कंपनीही अनामत मागू शकते.

जितकी माणसे राहणार तितक्यांची नावे करारात हवीत. दोघांचा करार आणि राहतात पाच, असे उघडकीला आले तर पाचही जण रस्त्यावर येतात.

घर ताब्यात घेतल्याच्या दिवशी भिंतीचे डाग, गालिच्यावरची भोके, मोडके दार या सर्वांचे फोटो काढावेत आणि यादी मालकाला लेखी पाठवावी. सोडताना अनामत यावरच परत मिळते. घर सोडल्यावर न्यूयॉर्कमध्ये १४ दिवसांत, कॅलिफोर्नियात २१ दिवसांत आणि टेक्सासमध्ये ३० दिवसांत मालकाने अनामत परत करायची किंवा कापलेल्या रकमेचा हिशेब द्यायचा असतो. टेक्सासमध्ये त्यासाठी आपला नवा पत्ता लेखी कळवावा लागतो.

आणि आयांनो, एक घरगुती गोष्ट. तिकडच्या घरात धूर झाला की छतावरचा भोंगा ओरडतो. मिरचीची खमंग फोडणी दिली तरी ओरडतो. मुलांना सांगा, पंखा लावा, खिडकी उघडा, आच मंद ठेवा; पण तो भोंगा काढून ठेवू नका. आगीपासून जीव वाचवणारी ती वस्तू आहे.

पतही पेरावी लागते

पहिले वर्ष कठीण, दुसरे सोपे, हे मुलांना सांगा. विद्यापीठाच्या आवारात काम मिळाले की 'सोशल सिक्युरिटी' क्रमांक मिळतो. बँकेत थोडी रक्कम तारण ठेवून क्रेडिट कार्ड घेता येते. त्यावर किराण्यापुरता खर्च करायचा आणि मुदतीच्या आत सगळा भरायचा. साधारण सहा महिन्यांत पतीचे गुण दिसू लागतात. हप्ता चुकला तर तीच नोंद मागे लागते. कार्डाचा पैसा हा पाटाच्या पाण्यासारखा आहे. पाळी पाहून घेतला तर पीक, मोकाट सोडला तर जमीन खारवते.

जर्मनी आणि इंग्लंड

जर्मनीत पतीच्या नोंदीला 'शुफा' म्हणतात. नव्या विद्यार्थ्याकडे ती नसते, म्हणून बंद खात्याचा दाखला उपयोगी पडतो. या खात्यात वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचा आणि दरमहा ठरलेली रक्कम काढायची. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ ठरली होती. जाताना चालू आकडा पाहून घ्यावा. तिथे अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. विद्यार्थी वसतिगृहे स्वस्त, पण प्रतीक्षायादी लांब.

इंग्लंडमध्ये घरमालक तिथलाच जामीनदार मागतात. २०१९ च्या कायद्याने खासगी घरांची अनामत सामान्यतः पाच आठवड्यांच्या भाड्यापुरती बांधलेली आहे आणि ती ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत ठेवावी लागते.

घरच्यांनी काय करावे?

मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. शेतजमीन अनेक बँका घेत नाहीत, म्हणून राहते घर किंवा बिगरशेती प्लॉट अडकतो. म्हणजे पोराला तिकडे घर मिळावे म्हणून आपले इकडचे घर गहाण पडलेले असते. तेव्हा हिशेब आधी मांडा. कर्जमंजुरीत फीबरोबर राहण्याखाण्याचा खर्च धरला आहे का, आणि तो मुलाच्या हाती कधी पडणार, हे बँकेला लेखी विचारा. फी थेट विद्यापीठाला जाते. राहण्याचा हप्ता उशिरा आला तर पहिले भाडे आणि अनामत कशातून भरणार? साधारण तीन महिन्यांचा खर्च वेगळा काढून ठेवा. डॉलरचा भाव कांद्यासारखा खालीवर होतो, म्हणून रुपयांत थोडी वाढ धरूनच चला.

घराच्या करारावर सही करण्यापूर्वी मुलाने तो कागद घरी पाठवावा, अशी शिस्त लावा. इंग्रजी येत नसेल तर गावातल्या शिक्षकाकडून, बँकेच्या अधिकाऱ्याकडून वाचून घ्या. आणि रविवारच्या फोनवर "जेवलास का?" याच्याबरोबर "भाडं भरलंस का?" हेही विचारत जा. अडचण आली तर लपवू नकोस, विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कचेरीत जा, हे त्याला आधीच सांगून ठेवा. ती कचेरी याच कामासाठी असते आणि तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.